विमानपंखावरील दाबाची विभागणी

वाऱ्यांत तिरप्या धरलेल्या पंखावर पडणारें बळ वस्तुतः एकच. त्याचे उत्थापक व रोधक असे दोन अंश आपण विचारासाठीं कल्पितों. इंग्लंडांतील जॉर्ज केले यानें इ. स. १७९९ त ही फोड एका रुप्याच्या चकतीवर कोरून ठेविली. ती चकती लंडनच्या विज्ञान-संग्रहालयांत आहे, आणि आमच्या मतें तिचें मोल एखाद्या ताम्रपटाहून कमी नाहीं.

परंतु अंश निराळे काढल्यानें कारण कळतें असें नव्हे. फ्रान्सांत दालांबेर यानें घर्षणरहित प्रवाहाचें गणित मांडिलें, तेव्हां पुढील व मागील दाब परस्परांस निष्फळ करून रोध शून्य येतो, असें विलक्षण उत्तर निघालें. १७६८ त त्यानें हें कोडें पुढील गणितज्ञांवर सोंपविलें. गणित शुद्ध होतें. गृहीतांत वायूची चिकटी सुटली होती.

प्रत्यक्ष मापनांत गुस्ताव्ह आयफेल याचें कार्य विशेष महत्त्वाचें. १९०९ त त्यानें पॅरिस येथें आपल्या मनोऱ्याच्या पायथ्याशीं वाऱ्याचा बोगदा उभारिला. पंखाच्या पृष्ठास बारीक छिद्रें पाडून ठिकठिकाणचा दाब मोजिला, त्याची बेरीज केली व ती तराजूनें मोजलेल्या बळाशीं ताडून पाहिली. मेळ बसला, शिवाय खालच्या दाबापेक्षां वरच्या पृष्ठावरील शोषणाचा वांटा मोठा ठरला.

मात्र या रीतीनें उत्थापन जितकें नीट हातीं लागतें तितका रोध लागत नाहीं. पंखाच्या अग्रावरील शोषण त्यास पुढें ओढतें, इतर दाब मागें लोटतात. दोन मोठ्या राशींची ती लहानशी बाकी, म्हणून मापनांतील अल्प चूकही भोंवते. छिद्रास लंब दाब कळतो, पृष्ठास घांसून जाणारें घर्षण कळत नाहीं. तें काढण्यास एकूण रोधांतून दाबजन्य रोध वजा करावा लागतो. नैयायिकांच्या अन्वयव्यतिरेकाची आठवण आम्हांस येथें होते.

तथापि हीं दोन कारणें सर्वथा स्वतंत्र नाहींत. प्रांट्ल यानें १९०४ त हायडेलबर्ग येथें दाखविलें कीं, पृष्ठालगतचा पातळ थर घर्षणानें मंदावून सुटतो, तेणेंकरून मागील दाब पुरता सांवरत नाहीं. पुढें गोळ्याच्या रोधाविषयीं गटिंगेनचा आंकडा पॅरिसच्या दुपटीहून अधिक आला! आयफेलनें १९१२ त विशिष्ट वेगापलीकडे रोधाचा गुणांक एकाएकीं घटतो असें दाखविलें. १९१४ त प्रांट्लनें गोळ्याभोंवतीं बारीक तार बसविली. रोध वाढेल असें कोणासही वाटावें, तो घटला. थर क्षुब्ध होऊन अधिक मागपर्यंत चिकटून राहिला व मागचा दाब पुष्कळसा सांवरला.