जमावाचे गणित आणि गणिताबाहेरचा पोलीस

जमावाचा इतिहास बहुधा जमावाला भिणाऱ्यांनीच लिहिला. गुस्ताव्ह ल बाँ ह्या फ्रेंच लेखकाचे जमावाच्या मानसशास्त्रावरील पुस्तक १८९५ साली आले. १८७१ च्या पॅरिस कम्यूनची धास्ती त्याच्या वर्गाच्या मनातून तेव्हाही गेलेली नव्हती. गर्दीत शिरला की माणूस विवेक गमावतो, असा त्याचा सिद्धान्त. जमावाला त्याने स्त्रिया, मुले आणि ‘रानटी’ माणसे यांच्या पंक्तीला बसवले. कॉलेजची पायरी चढणारा मी माझ्या घरातला पहिला. वर्गात हे शिकवताना त्या पंक्तीत आपले पान कुठे मांडले आहे, हे मला कुणी सांगावे लागत नाही.

ज्याला विवेक नाही त्याच्याशी बोलायचे कशाला? त्याला पांगवायचे. ब्रिटिश लष्कराने उत्तर आयर्लंडमध्ये १९७० साली रबरी आणि १९७३ पासून प्लॅस्टिकच्या गोळ्या वापरायला काढल्या. ह्या ‘सौम्य’ गोळ्यांनी तिथे १७ माणसे मारली. त्यांत मुलेही होती. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९९६ मध्ये अशा शस्त्रांचे धोरण लेखी ठरवले. मृत्यूची शक्यता शून्य असण्याची अट ह्या शस्त्रांवर नाही, असे त्या धोरणातच नमूद होते. म्हणजे ‘प्राणघातक नसलेले’ हे नाव हेतूचे आहे, परिणामाचे नाही.

पुढची पायरी संगणकाची. १९९५ मध्ये हेल्बिंग आणि मोल्नार यांनी पादचाऱ्यांच्या हालचालीचे एक गणित मांडले. माणूस आपल्या मुक्कामाकडे ओढला जातो. दुसरी माणसे आणि भिंती त्याला दूर ढकलतात. दारे किती रुंद असावीत, गर्दी कुठे तुंबेल, हे समजायला असे गणित खरोखर उपयोगी आहे. पण लष्करी संशोधनाने अशा पडद्यावरच्या माणसांत भीती आणि राग यांचे आकडे भरले आणि अमुक शस्त्र अमुक अंतरावरून चालवले तर किती जण मागे हटतील, हे पाहायला सुरुवात केली. त्यांचे म्हणणे असे, की चूक व्हायचीच तर ती शरीरावर होण्याऐवजी पडद्यावर झालेली बरी. हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. प्रश्न एवढाच, की त्या गणितात काय भरले आणि काय वगळले?

१९८० साली ब्रिस्टलच्या सेंट पॉल्स वस्तीत दंगल झाली. स्टीफन रायशर यांनी तिचा अभ्यास केला. जमावाचा रोख पोलिसांवर आणि बँकेसारख्या ठिकाणांवर होता. वस्तीतली घरे त्याने सोडली. जमावाला स्वतःच्या मर्यादा होत्या. पुढे रायशर आणि क्लिफर्ड स्टॉट यांनी दाखवले, की पोलीस सरसकट बळ वापरतात तेव्हा वेगवेगळ्या विचारांची माणसे एक होतात आणि शांत माणूसही चिडतो. म्हणजे जमावाच्या वागण्यात पोलिसांचे वागणे मिसळलेले असते. पोलिसाला निव्वळ बाहेरून गोळी झाडणारा हात मानणारे गणित मुळातच अपुरे ठरते.

हे आपल्याला परदेशी अभ्यासावाचूनही ठाऊक असायला हवे. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतलेल्या आपल्या माणसांवर सवर्णांनी हल्ला केला. आपली संख्या मोठी होती आणि रागही मोठा होता. तरी बाबासाहेबांनी आवरले आणि लोकांनी हात आवरले. ल बाँचा सिद्धान्त महाडात लागू पडत नाही. आणि ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात, पुतळ्याच्या विटंबनेने संतापलेल्या वस्तीवर राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या. १० माणसे मेली. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असा बचाव पुढे आला. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. तो टँकरही एक प्रतिमानच होते: जमाव पुढे काय करील याचे, गोळी चालवणाऱ्याच्या सोयीने मांडलेले भाकीत.

उद्या असे भाकीत संगणकाच्या तोंडून येईल आणि त्याला शास्त्राचा शिक्का असेल. म्हणून विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी गणिताला घाबरू नये. त्यातली गृहीतके मागावीत. माणसे का जमली, याला त्यात रकाना आहे का? हुकूम देणारा अधिकारी त्यात आहे का? त्याच्या भीतीला, त्याच्या जातीय पूर्वग्रहाला आकडा दिला आहे का? नसेल, तर त्या गणितात अर्धीच माणसे मोजली आहेत.