अनधिकृत वैद्यकीय व्यवसाय (महाराष्ट्र)

कायदेशीर नोंदणी नसताना रुग्णांवर उपचार करण्याचा गुन्हा. राज्यभर त्याला महाराष्ट्र वैद्यकीय व्यवसायी अधिनियम, १९६१ मधील कलम ३३ लागू होते. पहिल्या गुन्ह्याला किमान दोन व कमाल पाच वर्षे सश्रम कारावास आणि दंड. पुन्हा दोषी ठरल्यास शिक्षा वाढते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ (कलम ३४) यात एक वर्षापर्यंत कारावास, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. म्हणजे तुरुंगवासापुरता राज्याचा कायदाच अधिक कडक, आणि तो तसा असणे योग्यच आहे.

पदवी खरी असली तरी ती प्रत्येक उपचारपद्धतीला पुरत नाही. होमिओपॅथीच्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधे दिल्याने रुग्ण दगावल्याच्या मुंबईतील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हा मुळातच निष्काळजीपणा ठरवला. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार पाच वर्षांपर्यंत शिक्षा होते. नोंदणीकृत डॉक्टरला मिळणारी दोन वर्षांची मर्यादा बोगस डॉक्टरला मिळत नाही.

दवाखान्यात नोंदणी क्रमांक न दिसल्यास तो विचारावा. संशय आल्यास तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे किंवा पोलीस ठाण्यात तक्रार करावी.