थंड हवा, सुपरचार्जर आणि वहीतला रिकामा रकाना

डिसेंबरात आसेगावला घरी गेलो की पहाटे एक आवाज ठरलेला. कुणाचा तरी ट्रॅक्टर सुरू व्हायला कुरकुरतो. थंडीत ऑइल घट्ट होतं, बॅटरी मंदावते. मग थंडी इंजिनाला वाईट का? थांबा, इंजिन एकदा तापलं की उत्तर उलटं होतं.

आपल्याकडची मे महिन्यातली दुपार 42 अंशांची आणि जानेवारीतली पहाट 10 अंशांची धरा. केल्व्हिनमध्ये 315 आणि 283. दाब तोच असेल तर थंड हवा साधारण 11 टक्के दाट. म्हणजे तेवढा जास्त ऑक्सिजन, आणि तेवढं जास्त इंधन जाळता येतं.

हवा दाबून इंजिनात भरायची कल्पना जुनीच आहे. गोटलीब डाइम्लरने 1885 मध्ये तिचं पेटंट घेतलं. 1921 मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीजने सुपरचार्जर बसवलेल्या गाड्या मांडल्या. जर्मन नाव 'कॉम्प्रेसर'. पुढे पुण्यात जुळणी झालेल्या सी-क्लासवरही हा शब्द दिसायचा.

पण हवा दाबली की तापते. सायकलचा पंप हाताला चटका देतो ना, तसंच. 27 अंशांची हवा 1.8 पट दाबली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता 60 टक्के असली, तर ती जवळपास 120 अंशांवर जाते. म्हणून दाब 1.8 पट झाला तरी हवा फक्त 1.4 पट दाट होते. उरलेला फायदा उष्णतेने खाल्ला! तो परत मिळवायला इंटरकूलर आला. बाहेर थंडी असेल तर इंटरकूलरलाही थंड हवा मिळते, म्हणून अशा गाड्या हिवाळ्यात जास्त जोरकस वाटतात.

1918 मध्ये सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी हे विमानाचं इंजिन अमेरिकेतल्या पाइक्स पीकवर, 14,109 फुटांवर नेलं. खाली 350 अश्वशक्ती देणारं इंजिन तिथल्या विरळ हवेत 230 वर आलं. टर्बो-सुपरचार्जर लावल्यावर 356. लक्षात घ्या, शिखरावर त्यांनी दोन्ही मोजमापं घेतली, टर्बोशिवाय आणि टर्बोसह. तुलना म्हणजे हीच.

मी पहिल्या वर्षी नेमकं हेच चुकलो. मे महिन्यात जुन्या इनटेकचं रीडिंग घेतलं, जानेवारीत नव्याचं. ताकद वाढलेली दिसली, मी खूश. गाइडनी एकच विचारलं, "खोलीचं तापमान किती होतं?" वहीत तो रकानाच नव्हता. सगळे प्रयोग परत करावे लागले.

इंजिनाची ताकद जाहीर करताना 25 अंश हे संदर्भ तापमान धरून आकडे दुरुस्त करतात, ते याचसाठी. तुमचा विषय इंजिनाचा नसेलही. तरी पहिलं रीडिंग घेण्याआधी तारीख, वेळ, तापमान आणि हवेचा दाब यांचे रकाने आखून घ्या. नंतर आठवून ते भरता येत नाहीत.