प्रारूपाधारित सॉफ्टवेअर-चाचणी

सॉफ्टवेअरच्या आराखड्यावरून त्याच्या चाचण्या यंत्रवत तयार करण्याची पद्धती. बँकेचे खाते ‘चालू’ वा ‘बंद’ अशा कोणत्या अवस्थेत कोणत्या घटनेने जाते, हे आराखडा दाखवितो. आदान-प्रदानांवरून यंत्राची अंतर्गत अवस्था ओळखण्याचा प्रश्न एडवर्ड मूर यांनी १९५६ मध्ये अभ्यासिला, टी. एस. चाऊ यांनी १९७८ मध्ये अवस्था-आराखड्यावरून सॉफ्टवेअरचे चाचणीक्रम काढण्याची रीत दिली. डेव्हिड हॅरेल यांचे अवस्थालेख (१९८७) पुढे यूएमएल या ऑब्जेक्ट-ओरिएंटेड अभिकल्पाच्या चित्रभाषेत (प्रमाणित १९९७) आले. त्यांवरून चाचण्यांची निर्मिती जेफ ऑफट व आयनूर अब्दुराझिक यांनी १९९९ मध्ये मांडली. पुण्याच्या टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्रात (स्थापना १९८१) आराखड्यांवरून आज्ञावलीच निर्माण करणारी साधने घडली. आज्ञावली व चाचणी एकाच आराखड्यातून निघाल्यास मात्र चाचणीचा साक्षीदार स्वतंत्र राहत नाही : बंद खात्यातून रक्कम काढण्याची वाट आराखड्यातच चुकून उरली असेल, तर चाचणीही ती बरोबर ठरविते.