नेकारे

नेकारे : ‘जिवे मारणे’ या अर्थाचे लॅटिन क्रियापद. लॅटिन कोशांत ते प्रथमपुरुषी एकवचनाच्या रूपाने, म्हणजे ‘नेको’ असे सापडते. येथे दिलेला उच्चार प्राचीन रोमन पद्धतीचा आहे; चर्चच्या लॅटिनमध्येही तो ‘नेकारे’च राहतो. ‘हिंसक मृत्यू’ या अर्थाचे ‘नेक्स’ हे नाम याच मुळाचे. ग्रीकमधील ‘नेक्रोस’ (प्रेत) आणि संस्कृतमधील ‘नश्’ हा धातूही त्याच इंडो-युरोपीय कुळातले. म्हणजे मराठीतला ‘नाश’ आणि दुधाचे ‘नासणे’ ही या क्रियापदाची दूरची भावंडे होत.

मारण्यासाठी लॅटिनमध्ये शब्दांची वाण नाही. ‘ओक्कीदेरे’मध्ये घाव घालून पाडणे आहे, ‘युगुलारे’मध्ये गळा चिरणे, ‘त्रुकीदारे’मध्ये निर्घृण कत्तल. ‘इंतेर्फिकेरे’ हा त्यांतला सर्वांत कोरडा शब्द. युद्धवृत्तान्त लिहिणाऱ्या सीझरला तो फार सोयीचा पडला. या गर्दीत नेकारेचे वेगळेपण काय, याचे उत्तर फेस्टुस या इ. स. दुसऱ्या शतकातील कोशकाराने नोंदवून ठेवले आहे. काहींच्या मते ‘ओक्कीदेरे’ म्हणजे वार करून मारणे आणि ‘नेकारे’ म्हणजे वार न करता मारणे, असे तो सांगतो. गळफास, उपासमार, विष, आग, गुदमरवणे हे सारे या दुसऱ्या खात्यात येते. प्रत्यक्ष वापरात ही रेघ पुष्कळदा पुसली जाते, शस्त्राने झालेल्या हत्येलाही हा शब्द लागतो. तरीही मारला जाणारा बहुधा असहाय असतो, बांधलेला, शरण आलेला किंवा नुकता जन्मलेला, ही छटा टिकून राहिली.

कायद्याच्या भाषेत तिला विशेष वजन आले. रोमन कुटुंबप्रमुखाला मुलांवर असलेल्या जीवन-मरणाच्या अधिकाराच्या नावात ‘नेक्स’ हेच नाम आहे. इ. स. तिसऱ्या शतकाच्या आरंभीचा विधिज्ञ पाउलुस याने तर क्रियापदाची कक्षाच रुंदावली. अर्भकाचा श्वास कोंडणाराच काय, त्याला टाकून देणारा आणि त्याचे अन्न तोडणाराही त्याचा घातकीच, असे त्याचे मत सम्राट जस्टिनियनच्या ‘डायजेस्ट’मध्ये (533) जतन झाले आहे. टॅसिटसने ‘जर्मानिया’त (इ. स. 98) जर्मन टोळ्या नंतर झालेल्या नकोशा मुलाला मारणे लांच्छनास्पद मानतात, असे लिहिताना हेच क्रियापद निवडले. या ठिकाणी ‘ठार मारणे’ हा मराठी अनुवाद अगदीच बोथट ठरतो. आपल्याकडचे ‘नरड्याला नख लावणे’ जास्त जवळचे.

सीझर हा शब्द मोजून वापरतो. इ. स. पू. 56 मध्ये आजच्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावरील वेनेती जमात समुद्रयुद्धात हरून शरण आली. सीझरने तिचे सगळे शासनमंडळ मारले आणि उरलेल्यांना गुलाम म्हणून विकले. ही हत्या त्याने नेकारेच्या एका कृदन्तात उरकली आहे. गॉल लोकांच्या सशस्त्र सभेला सर्वांत शेवटी येणाऱ्याचा सर्वांदेखत छळ करून जीव घेतात, असे सांगतानाही तेच क्रियापद येते. व्हर्जिलच्या ‘ईनिड’च्या आठव्या सर्गातला क्रूर राजा मेझेंटियुस जिवंत माणसांना प्रेतांशी तोंडाला तोंड लावून बांधतो आणि संथ मरणाने संपवतो. वार नाही, जखम नाही. फेस्टुसच्या व्याख्येला याहून चपखल उदाहरण मिळणे कठीण.

शब्दाला हलकी बाजूही आहे. प्लाउटुसच्या विनोदी नाटकांत पात्रे एकमेकांवर वैतागली की ‘एनेकारे’ हे जोडरूप धावून येते; आपण ‘जीव खाऊ नकोस’ म्हणतो तसे. थोरल्या प्लिनीच्या निसर्गकोशात आयव्हीची वेल झाडांचा आणि पाणी ज्वाळांचा जीव घेते, तेही याच क्रियापदाने.

उत्तरकालीन लॅटिनमध्ये अर्थ आकसून ‘बुडवून मारणे’वर आला. फ्रेंच ‘न्वाये’, इटालियन ‘आन्नेगारे’ आणि रुमानियन भाषेतले बुडण्याचे क्रियापद ही त्याचीच संतती. साध्या मारण्यासाठी इटालियनने ‘ओक्कीदेरे’पासून आलेले ‘उच्चीदेरे’ ठेवले. श्वास कोंडून मारण्याची जुनी छटा अशी पाण्यात तगून राहिली, असे म्हणायला हरकत नाही.

इंग्रजीतील ‘पर्निशस’ (घातक) या शब्दात ‘नेक्स’ लपले आहे. ‘इंटर्नेसाइन’ची कथा गमतीची. लॅटिनमध्ये त्यातला ‘इंतेर’ हा उपसर्ग ‘पार शेवटापर्यंत’ असा जोर देणारा होता. इंतेर्नेकीनुम युद्ध म्हणजे निर्वंश करणारे युद्ध. सॅम्युएल जॉन्सनने 1755 च्या आपल्या कोशात या उपसर्गाचा अर्थ ‘एकमेकांमध्ये’ असा घेतला आणि परस्परांचा नाश करू पाहणारा, अशी व्याख्या दिली. ती रुळली. आज इंग्रजी वर्तमानपत्रांत एखाद्या पक्षातल्या यादवीला सर्रास हेच विशेषण लावतात.