साबणाचें कोडें

साबण मनुष्याच्या हातीं कित्येक शतकें आहे. पण चरबी क्षाराबरोबर शिजविली म्हणजे नेमकें काय घडतें, हें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींहि कोणास ठाऊक नव्हतें. चरबी आणि क्षार एकत्र होऊन साबण बनतो, एवढें उत्तर पुष्कळांस पुरेसें वाटे. साबण करणाराचें तेवढ्यावर भागे. शास्त्राचें भागण्यासारखें नव्हतें.

पॅरिसमध्यें मिशेल यूजेन शेव्ह्रल या तरुण रसायनज्ञाकडे १८११ सालीं डुकराच्या चरबीचा साबण तपासणीस आला. त्यानें त्यावर अम्लाची क्रिया करून क्षार काढून घेतला. जुन्या समजुतीप्रमाणें मूळची चरबी परत मिळावयास हवी होती. ती मिळाली नाहीं! मिळाला तो मोत्यासारखा चकाकणारा स्फटिकमय पदार्थ, आणि तो चक्क अम्ल होता. मोती या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचें नांव मार्गारीन पडलें.

मग गाय, मेंढी, लोणी असा शोध वर्षानुवर्षें चालला. स्टिअॅरिक, ओलेइक, ब्यूटिरिक हीं अम्लें वेगळीं झालीं. प्रत्येक वेळीं सोबत एक गोड द्रवहि निघे. स्वीडनच्या शेलेनें पूर्वीं ऑलिव्ह तेल मुरदाडशिंगाबरोबर तापवून हाच द्रव काढला होता. शेव्ह्रलनें त्यास ग्लिसरीन म्हटलें. खरी मौज तराजूनें दाखविली. अम्लें आणि ग्लिसरीन यांचें एकत्रित वजन मूळ चरबीहून अधिक भरलें. म्हणजे चरबी फुटतांना पाणी तिच्या घटकांशीं जोडलें जात होतें. हा सारा वृत्तांत १८२३ च्या त्याच्या ग्रंथांत आहे.

स्फटिक पुन्हा पुन्हा पाडावे, वितळण्याचें उष्णतामान बदलेनासें झालें म्हणजे पदार्थ शुद्ध मानावा, ही कसोटी त्यानेंच रूढ केली. दैवाची गंमत अशी कीं, त्याचें मार्गारिक अम्लच पुढें पामिटिक व स्टिअॅरिक यांचें मिश्रण ठरलें. तें हाइन्ट्झ या जर्मन रसायनज्ञानें दाखविलें.

चरबीची मेणबत्ती धुरकट व दुर्गंधी. घट्ट अम्लाची मेणबत्ती स्वच्छ जळेल हें ओळखून शेव्ह्रल व गे-ल्यूसॅक यांनीं १८२५ मध्यें पेटंट घेतलें. धंदा मात्र बसला. सोड्याऐवजीं स्वस्त चुना वापरून डी मिली यानें १८३१ च्या सुमारास तो चालविला, आणि पैसाहि त्यासच मिळाला.

शेव्ह्रल १८८९ मध्यें १०२ व्या वर्षीं वारला. त्याच वर्षीं पुऱ्या झालेल्या आयफेल मनोऱ्यावरील ७२ नांवांत त्याचें नांव आहे.