राक्षस कुठे गेला?

औंध संस्थानचा बराचसा मुलूख आज सातारा-सांगलीत आहे. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. १९१६ साली त्यांचे चित्ररामायण निघाले. वळण पाश्चात्त्य. त्याच्याशेजारी चित्रकथ्यांची जुनी ‘पैठणी’ चित्रे ठेवून पाहा. देव कसा काढावा हे शास्त्राने बांधून दिलेले. राक्षसाला मात्र रान मोकळे! एका बाजूने काढलेला चेहरा, वाटोळे बटबटीत डोळे. चित्रकथी कागद पुढे धरून कथा गाई, तेव्हा पोरे आईला बिलगत असतील. पंतांच्या आधी, १९०६ साली, रविवर्म्याने ‘जटायुवध’ रंगवला. त्यातला रावण एकतोंडी, धिप्पाड माणूस. कसब मोठे, पण मला विचाराल, तर राक्षस तिथेच हरवला. असला रावण आपल्या पेठेतून गेला, तर लोक त्याला रामराम घालतील की हो!